रेषेच्या दोन्ही बाजूंची माणसं : आयुष्यभराच्या भटकंतीतली काही प्रकाशचित्रं

उद्यमबाग

नमस्कार मंडळी.

आधी इथल्या फाउंड्रीत नोकरी, मग परदेशी जाऊन यंत्रं बसवून देण्याचं काम आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या हौसेची भटकंती, असं माझं आयुष्य गेलं. कॅमेरा सगळीकडे बरोबर होता. जुन्या स्लाइड्स, निगेटिव्ह आणि प्रिंट सध्या स्कॅन करतोय. बोरोबुदुर, माचू पिच्चू, समरकंदचं रेगिस्तान यांची चित्रं भरपूर निघाली. ती इथे टाकणार नाही, कारण त्या जागांची उत्तम चित्रं सगळीकडे बघायला मिळतात. त्या ढिगातून एक गठ्ठा मात्र मी वेगळा काढला. दोन देशांची हद्द जिथे गावातून, पुलावरून, बाजारातून जाते, तिथे मी दरवेळी वाट वाकडी करून गेलो होतो. हा त्या जागांचा गठ्ठा.

मी बेळगावचा, म्हणून हे झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं बदलली तेव्हा आपली घरं होती तिथेच राहिली आणि आपण दुसऱ्या राज्यात गेलो. त्यामुळे कुठेही गेलो तरी हद्दीवरचे खांब आणि शिपाई बघून माझं समाधान होत नाही. इथलं दूध कुठून येतं, पोरं कुठल्या शाळेत जातात, लग्नं कुठे जमतात, हे मला बघायचं असतं.

प्रचि (प्रकाशचित्र) १. बार्ले. नेदरलँड्समध्ये बेल्जियमचे २२ तुकडे विखुरलेले आहेत आणि त्यांतल्या काहींच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सची जमीन आहे. हे सगळं एकाच गावात. जमिनीच्या या वाटण्या बाराव्या शतकापासूनच्या, आणि हद्द शेवटी पक्की झाली १९९५ मध्ये. फरशीवर पांढऱ्या फुल्यांची रांग दिसते आहे ना, ती हद्द. चित्रात एक आजी भाजीची पिशवी घेऊन त्या फुल्यांवरून चालल्या आहेत. पाय एका देशात, पिशवी दुसऱ्या देशात. घर कुठल्या देशाचं हे तिथे पुढच्या दारावरून ठरतं. पहिल्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेलं, पण बार्लेचे हे तुकडे तटस्थ नेदरलँड्सच्या पोटात असल्यामुळे जर्मनांना तिथे पोचता आलं नाही.

प्रचि २ आणि ३. गोरित्सिया आणि नोव्हा गोरित्सा. जागा एकच, दोन्ही चित्रांमध्ये बऱ्याच वर्षांचं अंतर. १९४७ च्या तहाने इटली आणि युगोस्लाव्हिया यांच्यातली रेषा या शहराजवळून गेली. जुनं शहर इटलीत राहिलं आणि रेल्वे स्टेशन पलीकडे गेलं. पलीकडच्यांकडे मग शहरच उरलं नाही, म्हणून त्यांनी नोव्हा गोरित्सा हे नवं शहर वसवलं. पहिल्या चित्रात स्टेशनसमोरच्या चौकातलं कुंपण आहे. २००४ मध्ये स्लोव्हेनिया युरोपीय संघात आला आणि चौकातलं कुंपण निघालं. दुसऱ्या चित्रात त्याच जागी जमिनीत बसवलेली गोल तबकडी दिसते आणि तिच्यावर एक मूल बसलं आहे. २०२५ साली या दोन शहरांना मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून मान मिळाला.

प्रचि ४. व्हिक्टोरिया फॉल्सचा पूल. १९०५ चा पूल, खाली १२८ मीटरवर झांबेझी. एका टोकाला झांबिया, दुसऱ्या टोकाला झिंबाब्वे. पर्यटक धबधब्याकडे तोंड करून उभे असतात. मी पाठ फिरवली आणि सायकलीला पोती बांधून पूल ओलांडणारे लोक टिपले. एका सायकलीवर इतका माल आहे की चालवणारा माणूस नीट दिसतसुद्धा नाही.

प्रचि ५. डर्बी लाइन आणि स्टॅनस्टेड. एकाच इमारतीत वाचनालय आणि नाट्यगृह, निम्मी इमारत अमेरिकेत आणि निम्मी कॅनडात. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची वास्तू, मुद्दाम हद्दीवर बांधलेली. वाचनकक्षाच्या जमिनीवर काळी रेघ आहे. मुख्य दार अमेरिकेत, पुस्तकांची कपाटं कॅनडात. प्रेक्षक बहुतेक अमेरिकेत बसतात आणि रंगमंच कॅनडात. मी गेलो तेव्हा कॅनडातले वाचक पदपथावरून चालत येऊन अमेरिकेच्या दारातून आत शिरत होते. २०२५ मध्ये अमेरिकेने त्या वाटेवर निर्बंध आणले. म्हणून हे चित्र मी आता जपून ठेवलं आहे.

प्रचि ६. कॅसलरॉक. मीटरगेजच्या काळातलं, कृष्णधवल. फलाटावर चहावाला, मागे धुकं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत आपल्या बाजूचं शेवटचं स्टेशन हेच. घाटाखाली कुळे, ते पोर्तुगीजांचं. जगभरच्या हद्दी बघून आल्यावर मला सगळ्यांत जवळची वाटते ती ही जागा. लोंढ्याहून गाडीत बसलं की लगेच येते आणि आपण खिडकीतून बघून पुढे दूधसागरची वाट बघत बसतो.

आणखी चित्रं आहेत. प्रतिसाद बघून टाकेन.

---

टिळकवाडी

काका, पाचवं चित्र फार आवडलं. रेघेवर ठेवलेली खुर्ची मुद्दाम घेतलीत ना? चारपैकी दोन पाय इकडे आणि दोन तिकडे. बराच वेळ बघत बसलो.

---

खानापूरची

कॅसलरॉकचं चित्र बघून माझी आजी आठवली. तिचं माहेर गोव्यात, सासर खानापूर तालुक्यात. कॅसलरॉकला पेट्या उघडून बघायचे, असं ती सांगायची. माहेरहून येताना नारळ आणि सोलं आणायची, त्यांना कोणी हरकत घ्यायचं नाही. कापडाला मात्र विचारायचे. लग्नात मिळालेलं लुगडं नेसून आली की कोणी विचारत नाही, हे तिला तिच्या सासूने शिकवलं होतं. घरी या गोष्टी इतक्या वेळा ऐकल्या, पण ती आंतरराष्ट्रीय सीमा होती, हे मला आज पहिल्यांदा असं डोळ्यांसमोर आलं. तुमच्याकडे कॅसलरॉकची आणखी असतील तर कृपया टाका.

---

बाची_फाटा

काका नमस्कार. आमचं घर बाचीत. वेंगुर्ले रोडला पुढं शिनोळी लागली की महाराष्ट्र. आमची निम्मी जमीन तिकडं हाय. सकाळी बैलं घेऊन जाताना राज्य बदलतंय, म्हणून काय बैलाला कळत न्हाई वो. पोरगं शिनोळीच्या कारखान्यात कामाला जातंय, सून बेळगावात शिकवायला जाती. एका घरातली दोघं सकाळी दोन दिशेला दोन राज्यांत.

फरक कधी कळतोय सांगू? २०२२ च्या डिसेंबरात सीमेच्या वादावरनं दोन्हीकडच्या बसा थांबल्या तवा. एस्टी आली की हद्दीच्या अलीकडंच माणसं उतरवायची, मग पिशव्या घेऊन चालायचं, पलीकडं दुसरी गाडी बघायची. त्यात पेशंट असायचे, बाळंतीण असायची, परीक्षेची पोरं असायची. तुमच्या त्या झांबेझीच्या पुलावरचा सायकलवाला बघितला आणि मला तेच दिसलं. त्या वक्ताला कुणी फोटो काढून ठेवलेत काय? असतील तर बघायचे हायत.

---

उद्यमबाग

@खानापूरची, कॅसलरॉकची आणखी आहेत, शोधून टाकतो. आजींची ही आठवण कुठेतरी तारीखवार लिहून ठेवा. लुगड्याची गोष्ट कुठल्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही.

@बाची_फाटा, दादा, तुम्ही जे लिहिलंत त्याच्याच शोधात मी आयुष्यभर फिरलो. डिसेंबर २०२२ चे फोटो वर्तमानपत्रांत आले, पण त्यांत मोर्चे, पोलीस आणि काळं फासलेल्या गाड्या जास्त होत्या. पिशव्या घेऊन चालणारी माणसं फार कमी दिसली. या धाग्यावर कोणाकडे असतील तर जरूर द्या.

---

निपाणी_तंबाखू

तांत्रिक प्रश्न विचारतो. वडिलांच्या स्लाइड्सची एक पेटी आहे, बऱ्याच स्लाइड्सवर बुरशीची जाळी पसरली आहे. पाण्याने धुवू का? स्कॅनरही नाही. दुकानात विचारलं तर एका स्लाइडचा जो दर सांगितला तो परवडणारा नाही.

---

उद्यमबाग

पाणी अजिबात लावू नका. बुरशीने जिलेटीनचा थर खाल्लेला असतो, त्यामुळे तो पाण्यात विरघळतो आणि चित्रच निघून जातं. आधी फुंकणीने धूळ उडवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, जेवढं शुद्ध मिळेल तेवढं, मऊ कापसाला लावून हलक्या हाताने पुसा. एका खराब स्लाइडवर आधी करून बघा. जिथे जाळी थराच्या आत शिरली आहे तिथे काही करू नका, आहे तशी स्कॅन करा.

स्कॅनर नसला तरी अडत नाही. डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि खाली पांढऱ्या प्रकाशाचा सपाट दिवा एवढ्यावर काम होतं. कॅमेरा आणि स्लाइड एकमेकांना अगदी समांतर हव्यात. खोली अंधारी हवी. मी निम्मं काम याच पद्धतीने केलं आहे. रॉ फाइलमध्ये टिपा.

आपल्याकडे पेट्या कुठे ठेवता तेही महत्त्वाचं. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच, बेळगावातही भिंती पाझरतात. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, लोखंडी पेटी जमिनीवर नको. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि पावसाळ्यात ते दर महिन्याला तव्यावर गरम करून पुन्हा वापरा. पीव्हीसीचे पाकीट-अल्बम असतील तर आजच बदला, त्यांतून निघणाऱ्या वायूने चित्रं खराब होतात.

आणि सगळ्यांत आधी वडिलांना, किंवा त्यांच्या बरोबरीच्या कोणाला तरी, शेजारी बसवून प्रत्येक चित्रातली माणसं कोण ते लिहून घ्या. बुरशी नंतरही काढता येईल.

---

निपाणी_तंबाखू

आभारी आहे. वडील नाहीत, पण काका आहेत. रविवारी त्यांच्याकडे पेटी घेऊन जातो.

---

शहापूरची

चित्रं सुंदर आहेत. एक शंका आहे. या माणसांना तुम्ही विचारलं होतं का? बार्लेच्या आजी, सायकलवाला, तबकडीवरचं मूल. आपल्याकडेही पर्यटक येतात आणि सौंदत्तीच्या डोंगरावर जोगत्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरतात. मला ते बघवत नाही.

---

उद्यमबाग

ताई, प्रश्न योग्य आहे. कॅमेरा छातीशी धरायचा, माणसाकडे बघायचं, त्याने मान हलवली तरच उचलायचा, असा माझा नेम आहे. मुलाच्या बाबतीत आई शेजारीच उभी होती, तिला विचारलं होतं. भाषा येत नसली तरी नकार कुठल्याही देशात कळतो. फिल्मच्या काळात पत्ता मागून घ्यायचो आणि घरी आल्यावर प्रिंट पाठवायचो. बार्लेच्या आजींचं पोचल्याचं पत्र अजून माझ्याकडे आहे. सौंदत्तीला मी कॅमेरा नेत नाही. तिथे लोक नवस घेऊन, दुःख घेऊन आलेले असतात.

---

कंग्राळी

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नये. चित्रं छानच आहेत. पण बार्ले दाखवून आपल्या सीमाभागाबद्दल बोलणं मला पटत नाही. तिथे दोन्ही बाजूंना डच भाषाच बोलतात. तिथल्या म्हातारीला घराच्या उताऱ्यावर काय लिहिलंय ते वाचता येतं. माझ्या आईला येत नाही. नोटीस आली की ती शेजारच्या पोराकडून वाचून घेते. १७ जानेवारी १९५६ चे हुतात्मे, सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा, हे सगळं त्या फुल्या-फुल्यांच्या रेषेत कुठे बसतं? बाहेरच्या माणसाने अशी चित्रं बघितली की त्याला वाटतं, सीमा म्हणजे मौज आहे. आमच्यासाठी ती मौज नाही.

---

टिळकवाडी

कंग्राळी, काकांनी मौज म्हटलेलं नाही. प्रचि ४ पुन्हा बघा.

---

उद्यमबाग

कंग्राळी, राग कसला? तुमचं म्हणणं मला मान्य आहे. बार्लेत भाषेचा प्रश्नच नाही, त्यामुळे ते गाव आपल्याला फार पुढे नेत नाही. आईंचं जे लिहिलंत ते माझ्याही घरात घडलं आहे.

मागे ठेवलेली दोन चित्रं त्यासाठीच आता टाकतो.

प्रचि ७ आणि ८. बोल्झानो, म्हणजेच जर्मनमध्ये बोझेन. दक्षिण टिरोल, इटली. पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मन बोलणारा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या काळात जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावं बदलली. तेव्हा लोकांनी तळघरांत, धान्याच्या कोठारांत चोरून शाळा चालवल्या. त्या शिकवणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या आणि पकडल्या गेल्या की त्यांना शिक्षा होत असे. पुढे महायुद्ध, मग आंदोलनं, बॉम्बस्फोट, संयुक्त राष्ट्रांत तक्रार, असं बरंच झालं. १९७२ मध्ये नवा स्वायत्तता कायदा आला आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रिया आणि इटली यांनी वाद मिटल्याचं संयुक्त राष्ट्रांना कळवलं.

सातव्या चित्रात रस्त्याची पाटी आहे, दोन भाषांत. डोंगरातल्या काही खोऱ्यांत तीन असतात, कारण तिथे लादिन बोलतात. आठव्या चित्रात शाळेच्या फाटकाशी मुलं आहेत. पालकांनी निवडलेल्या भाषेची शाळा, आणि दुसरी भाषा सक्तीने शिकायची. सरकारी कचेरीत नागरिकाला त्याच्या भाषेत उत्तर मिळण्याचा हक्क आहे. नोकऱ्यांची वाटणीही भाषिक गटांच्या प्रमाणात. गंमत म्हणजे प्रांतात जर्मन बोलणारे जास्त आणि बोल्झानो शहरात इटालियन बोलणारे जास्त. आपल्याकडे शहर आणि खेडी यांच्यात जसे वाद होतात तसे तिथेही झाले.

तिथली रेषा हलली नाही. ब्रेनर खिंडीतली हद्द १९१९ च्या तहात ठरली तिथेच आहे. माणसांच्या हातातला कागद बदलला आणि त्याला पन्नास वर्षं झगडावं लागलं. आपला दावा न्यायालयात आहे, त्याचा निकाल काय लागायचा तो लागो. तुमच्या आईंना नोटीस मराठीत मिळण्यासाठी त्या निकालाची वाट बघावी लागू नये, असं मला मनापासून वाटतं. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ आणि ३५० ब ही कलमं आली. एक प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याबद्दल, दुसरं भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याबद्दल. जिथे एखादी भाषा बोलणारे १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही निघाव्यात, हा संकेतही जुना आहे. बोल्झानोत जे बघितलं ते मागायला आपल्याकडे आधार आहे. दावा लढवणाऱ्यांनी लढवावा, आणि त्याच वेळी हेही मागावं.

---

कंग्राळी

तळघरातल्या शाळांचं माहीत नव्हतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या बाईंचं नाव विचार. आहे का नाव?

---

उद्यमबाग

चित्रातल्या नाहीत, त्या आधीच्या पिढीतल्या. पण तिथल्या एका शाळेत फलक आहे, त्याचंही चित्र आहे माझ्याकडे. नावं वाचता येतील इतकं मोठं करून टाकतो.

---

घटप्रभा

मी गोकाकची, मातृभाषा कन्नड. मराठी वाचायला शेजारच्या अक्कांकडे शिकले, त्या मला रोज एक पान मोठ्याने वाचायला लावायच्या. हा धागा तीन दिवसांपासून वाचते आहे, आज धीर करून लिहिते.

माझी मावशी जत तालुक्यात दिली आहे. तिथे कन्नड शाळा आहेत, पण कागद मराठीत. मावशी पण नोटीस शेजारच्या पोराकडून वाचून घेते. कंग्राळी यांच्या आईंबद्दल वाचलं आणि मला मावशीच दिसली. १५ टक्क्यांचा संकेत तिकडेही लागू व्हायला हवा ना?

---

उद्यमबाग

अगदी लागू व्हायला हवा. जत आणि अक्कलकोटसाठी तेच, बेळगाव-खानापूर-निपाणीसाठी तेच. तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

---

कंग्राळी

@घटप्रभा, मावशींचंही बरोबर आहे. मी या बाजूने कधी विचार केला नव्हता. तिकडेही मिळायला हवं.

---

लाइटबॉक्स

वरच्या तांत्रिक चर्चेत थोडी भर. स्कॅन झाल्यावर फाइलच्या माहितीच्या रकान्यात तारीख, गाव आणि माणसांची नावं भरा. नुसतं फोल्डरला नाव देऊन ठेवलं तर फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरली की सगळं हरवतं. मूळ टिफ वेगळी ठेवा, दाखवायला जेपेग. दोन हार्डडिस्क, त्यांतली एक दुसऱ्या घरी. आणि प्रचि २ वर निळसर झाक आहे ती फिल्मच्या वयाची. काढू नका अशी विनंती.

---

टिळकवाडी

काका, एक सुचवू का? ही चित्रं छापून एखाद्या वाचनालयाच्या सभागृहात आठवडाभर लावूया. खर्च आम्ही काही जण मिळून करू. बाची_फाटा, तुमच्याकडचे, खानापूरच्या आजींचे, ज्यांच्याकडे असतील त्यांचे जुने फोटोही त्यांच्या शेजारी लावू. एका भिंतीवर गोरित्सिया, समोरच्या भिंतीवर बाची आणि शिनोळी.

---

उद्यमबाग

आनंदाने. माझ्या दोन अटी आहेत. चित्राखालची ओळ तीन भाषांत हवी. पहिली त्या चित्रातल्या माणसांच्या भाषेत, मग मराठी, मग कन्नड. आणि सीमाभागाच्या भिंतीवर मोर्च्यांचे आणि नेत्यांचे फोटो नकोत. ते इतरत्र खूप आहेत. शेत, बस, शाळा, बाजार, लग्न, दवाखाना एवढंच.

@बाची_फाटा, येत्या रविवारी सकाळी मी येऊ का? तुम्ही बैलं घेऊन निघता तेव्हा बरोबर चालेन.

---

बाची_फाटा

या की काका, विचारायचं काय त्यात. सहाच्या आत या, नंतर ऊन चढतंय. बैलांची नावं पण लिहून घ्या चित्राखाली, सर्जा आणि पतंग्या. नाष्टा आमच्याकडंच.

---

खानापूरची

आजीचा एक फोटो सापडला, कुळे स्टेशनचा. मागे पोर्तुगीज अक्षरांची पाटी आहे. उद्या स्कॅन करते.

---

घटप्रभा

कन्नड ओळी मी लिहून देते. प्रचि ७ आणि ८ पासून सुरुवात करू का? आणि मावशीच्या गावच्या शाळेचा फोटो मिळाला तर तो बोल्झानोच्या शाळेशेजारी लावाल का?

---

उद्यमबाग

नक्की लावू. फोटो निघाला की पाठवा, तोवर मी दोन्ही एकाच मापात छापून घेण्याचं बघतो.